भिकाजी मास्तरांचे कावळे

फार वर्षांपूर्वी, कुसळवाडीला धड गाडीवाटही नव्हती तेव्हा, तिथं भिकाजी मास्तर मारुतीच्या देवळात शाळा घ्यायचे. सारवलेल्या जमिनीवर ते चुन्यानं मुलखाचा नकाशा काढायचे, आणि पोरं उड्या मारत नाशकाहून नागपूरला जायची. मास्तरांच्या हाताखालचं पोर अंधारातसुद्धा दिशा चुकायचं नाही, असं म्हणतात.

मास्तरांची धाकटी बहीण येसू. कुंकू कळायच्या आधीच ते पुसलं गेलं, आणि ती भावाकडं राहायला आली. मास्तरांनी तिला चुलीपुढं राखेत बोट फिरवून अक्षरं शिकवली. मग त्यांच्या मनानं घेतलं, की गावातल्या सगळ्याच पोरी शाळेत बसवायच्या. गाव बिथरलं.

आप्पा पाटील म्हणाले, "पोरी शाळेत बसल्या तर शेरडं काय तुम्ही वळणार, मास्तर?"

"वळतो की. तुम्ही पोरी पाठवा."

पोरी तर आल्या नाहीतच, पाटलांनी पोरंसुद्धा घरी बसवली. देऊळ ओस पडलं. तेव्हा मोठी लढाई चालू होती. विमानाला वाट दाखवायला नकाशा कळणारी माणसं सरकारला हवी होती. मास्तर निघाले.

"परत येतो आणि पोरी बसवतो," ते येसूला म्हणाले. "तोवर शिकलेलं विसरू नकोस."

"मी कशाला विसरतेय? तू वाट विसरू नकोस, दादा."

मास्तर बॉम्ब टाकायच्या विमानात बसायचे. ढगात काही दिसेनासं झालं, की डोळे मिटून वाट सांगायचे, असं म्हणतात. एकदा ते विमान कुसळवाडीवर आलं. इतकं खाली, की देवळातली घंटा आपोआप वाजली. गडीमाणसं पळाली. कुणी कणगीत शिरलं, कुणी कडब्यात. आप्पा पाटील कुठं शिरले होते, ते त्यांच्या घरच्यांनी कधी सांगितलं नाही. माळावर शेरडं वळणाऱ्या पोरी तेवढ्या उभ्या राहिल्या. शेरडं सोडून जाणार कुठं?

विमानाचं पोट उघडलं आणि आभाळातून पाटीच्या पेन्सिली पडल्या. एकसुद्धा मोडली नाही, असं म्हणतात. पोरींनी त्या ओच्यात वेचून घेतल्या. मग कणग्यांतले बाहेर आले आणि त्यांनी पोरींच्या हातातून त्या काढून घेतल्या, पोरांसाठी. भ्यायची वेळ आली की आत, आणि घ्यायची वेळ आली की पुढं.

पुढं पौषात तार आली. ब्रह्मदेशाच्या रानावर विमान पडलं, मास्तर गेले. देह नाही, राख नाही. दर्भाचा पुतळा करून त्यालाच अग्नी दिला. दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला, तर चिंचेवर कावळेच कावळे, पण एक खाली येईना. कावळा शिवत नाही, म्हणजे जिवाचं मागं काहीतरी अडकलेलं. ते फेडायचा शब्द दिल्याशिवाय तो सुटत नाही.

माणसं हात जोडून एकेक शब्द द्यायला लागली. येसूला अंतर देणार नाही. कावळे गप्प. तुमच्या नावानं दीपमाळ बांधू. कावळे गप्प.

ऊन डोक्यावर आलं. बाळंभटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करू, शिववू आणि घरी जाऊ. पोटात काही नाही सकाळपासून."

येसूनं त्यांच्या हातातला दर्भ काढून घेतला. "गवताच्या काडीला माझा भाऊ फसायचा नाही. त्याला काय पाहिजे ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. आप्पा, तुम्ही बोला."

"बाईमाणसानं मध्ये पडू नये, येसू."

"भाऊ माझा आहे. तुमच्यापायी लटकलाय तो."

पाटील चिंचेकडं बघत पुटपुटले, "बघू. पुढच्या सालाला बसवू पोरी."

एक कावळा खालच्या फांदीवर आला, मान वाकडी करून त्यांच्याकडं बघितलं आणि परत शेंड्यावर जाऊन बसला.

तेव्हा पाटलांनी मुंडासं काढून मातीवर ठेवलं. "मास्तर, उद्यापासून बसतील. पहिली माझी नात."

अख्खी चिंच खाली उतरली. पिंडाचं एक शीत उरलं नाही, असं म्हणतात. येसू तेव्हा रडली, त्याआधी नाही. दुसऱ्या दिवशी देवळात पोरी बसल्या, आणि शिकवायला येसूच बसली.

आता कुसळवाडीला पक्की शाळा आहे. तरी दर पौषात अख्खं गाव ओढ्याकाठी जमतं. मास्तरांच्या नावानं भाताचं पान ठेवतात. सरपंच उघड्या डोक्यानं गावातल्या एकेका पोरीचं नाव घेतो, पोर "हजर" म्हणते आणि तिच्या हातावर पाटीची पेन्सिल ठेवतात. एक जरी पोर शाळेबाहेर राहिली असली, तर कावळा शिवत नाही.

मागं एकदा सगळी नावं झाली तरी कावळे चिंचेवरच. जो तो दुसऱ्याच्या घराकडं बघायला लागला. मग एका म्हातारीला ओढ्यापलीकडची वीटभट्टी आठवली. "ती भट्टीवरची माणसं आपल्या गावची नव्हेत," कुणीतरी म्हणालं. "हे कावळ्याला सांग," म्हातारी म्हणाली. सरपंच पाण्यातून पलीकडं गेला आणि चिखलानं भरलेल्या हाताची एक पोर घेऊन आला. पेन्सिल हातात पडली तेव्हा ती इतकं हळू "हजर" म्हणाली, की माणसांना ऐकूच आलं नाही.

चिंचेला ऐकू आलं.

बाहेरगावचं कुणी हसून विचारतं, हे कावळ्याचं खरं का हो? कुसळवाडीच्या बाया त्याला एवढंच सांगतात, "तुमच्या गावात पान ठेवून बघा."