गरजमुक्त विद्याशाखा

फार जुनी नाही, अलीकडचीच गोष्ट. एका जंगलात एक विद्यापीठ होतं. त्या विद्यापीठात निसर्गविज्ञान नावाची विद्याशाखा होती, आणि त्या शाखेत पाणीशास्त्राच्या विभागप्रमुख होत्या प्राध्यापक अनसूया टिटवी. विभागात त्या एकट्याच होत्या, त्यामुळे प्रमुख होणं त्यांना अवघड गेलं नाही.

दरवर्षी पावसाळा सरला की विद्याशाखेची बैठक भरायची. पुढच्या वर्षी कुणाला कोणतं यंत्र लागेल आणि त्यासाठी निधी कुठून आणायचा, हे तिथे ठरायचं. अधिष्ठाता बळवंतराव गवा प्रत्येक प्रमुखाची मागणी डोळे मिटून ऐकायचे. मग मोहाची फुलं वाटली जायची. ती खाऊन झाली की बैठक संपायची.

अनसूयाबाईंची मागणी तीन वर्षं तीच होती: सूक्ष्मदर्शकाचं एक भिंग. जुनं भिंग एका दीक्षान्त समारंभात फुटलं होतं. बळवंतराव ते स्टूल समजून त्यावर बसले होते. वस्तू कशी मोडली याचा अहवाल अधिष्ठात्यांच्या सहीने पुढे जातो, म्हणून तो अहवाल अजून गेला नव्हता.

या वर्षी मात्र अनसूयाबाई हट्टाला पेटल्या होत्या. करवंदीच्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यापासून हिरवट झालं होतं. तिथे पाणी प्यालेली दोन-तीन पाडसं गळाठून दगावली होती. पाण्यात काय आहे हे भिंगाशिवाय कळणार नव्हतं.

"या खेपेला मी उठणारच नाही जागची," त्या गवतशास्त्राच्या कुमुदताई चितळांना म्हणाल्या. दोघींचे विभाग एकाच वडाखाली होते.

"मलाही बियांचा तराजू हवाय हो," कुमुदताई म्हणाल्या. त्यांचं पाडस, हारू, त्यांच्या पायांत घुटमळत होतं. "तुम्ही बोला, मी मागून मान हलवते."

बैठकीला बळवंतरावांसोबत एक पाहुणे आले होते, श्रीपती तरस. ते यंत्रांचा पुरवठा करायचे आणि काहीही बोलण्याआधी हसायचे.

बळवंतराव उभे राहिले. "खुरांनो, पंखांनो आणि खवल्यांनो! गेली कित्येक वर्षं या विद्याशाखेला गरजा आहेत. मी विचारतो, का आहेत? कारण आधीच्या अधिष्ठात्यांनी त्या पुरवल्या नाहीत! पण मी वचन देतो, आम्हीही पुरवणार नाही. आम्ही गरज मुळापासून संपवणार आहोत!"

टाळ्या पडल्या. कुमुदताईंनीही खूर आपटले. नंतर त्यांनी विचारलं, "म्हणजे काय करणार?"

म्हणजे असं, की सगळ्या विभागांचा निधी एकत्र करून एक महापडदा घ्यायचा. तो तळ्याकाठी उभा राहील आणि प्रत्येक विभागाचं सगळं त्यावर दिसेल. मग वेगळ्या भिंगाची, तराजूची गरज कुणालाच उरणार नाही. घोषणाही तयार होती: 'एक शाखा, एक पडदा!'

"साहेब," अनसूयाबाई म्हणाल्या, "पडदा दाखवेल हो, पण बघणार कोण?"

"सगळे बघतील," बळवंतराव म्हणाले. "तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे."

तरस हसले.

मग मतदान झालं. बळवंतरावांनी नियम वाचला: "प्रस्तावाला ज्यांचा विरोध आहे, त्यांनी चारही पाय वर करावेत." काहींनी दोन पाय वर करून पाहिले आणि ते पडले. अनसूयाबाई तेवढ्या पाठीवर आडव्या झाल्या आणि त्यांनी आपले होते नव्हते ते पाय आभाळाकडे केले.

"दोनच आहेत," बळवंतरावांनी नोंद घेतली. "मत बाद. प्रस्ताव एकमताने मंजूर."

पण नुसत्या निधीने पडदा येईना; विभागांच्या जुन्या मागण्यांसाठी राखलेले पैसेही लागणार होते. तेव्हा 'स्वेच्छा गरजत्याग अभियान' सुरू झालं. जो विभाग आपली मागणी आपण होऊन मागे घेईल, त्याला शिंगाच्या मुद्रेचं प्रमाणपत्र मिळू लागलं. ससे पहिल्याच दिवशी त्यागी झाले. वटवाघळांनी उजेडाची मागणी कधी केलीच नव्हती, तीही त्यांनी मागे घेतली. पुढे पुढे गरज असणं हेच लाजिरवाणं झालं. "तुम्हाला अजून काही लागतं का?" असं कुणी वाटेत विचारलं, की अंगावर शहारा यायचा.

कुमुदताईंनी तराजू सोडला तो अभियानाच्या शेवटी.

"रागावलात?" त्यांनी विचारलं.

"नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. रागावल्या होत्या.

"हारूला पुढच्या वर्षी शाळेत घालायचंय. उगाच नावावर खूण नको."

अनसूयाबाईंनी त्याग केला नाही. त्यामुळे विद्याशाखा गरजमुक्त होण्यात एकच अडचण राहिली. ती बळवंतरावांनी 'एक किरकोळ अपवाद वगळता' असं म्हणून सोडवली.

पडदा आला. दोन सागांच्या मध्ये तो ताणून बसवला गेला. उद्घाटनाला त्यावर करवंदीचं तळं झळकलं, निळंशार, तळाचे खडे दिसतील असं. खाली लिहून आलं: 'पाणी उत्तम.' पडद्याच्या पायाशी खरं तळं होतं. ते शेवाळाच्या रंगाचं होतं आणि त्याला वास येत होता. पण सगळे माना वर करून उभे होते.

अनसूयाबाई तरसांना गाठून म्हणाल्या, "याला पाण्याची माहिती कुठून मिळते?"

तरस हसले. "पाण्याकडूनच, बाई."

"पाण्यात काही यंत्र सोडलंय?"

"ते पुढच्या टप्प्यात. सध्या जुन्या नोंदींवरून अंदाज घेतो."

"कुणाच्या नोंदी?"

"तुमच्याच की. भिंग फुटायच्या आधीच्या. फार सुंदर नोंदी आहेत!"

अनसूयाबाईंनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं. आपणच तीन वर्षांपूर्वी, चांगल्या दिवसांत लिहिलेलं पाणी डोक्यावर झळकत होतं. त्या पंख मिटून वडाखाली येऊन बसल्या.

आठ दिवसांत हारू आजारी पडला. कुमुदताईंना ते खरं वाटेना.

"पडद्यावर निळं होतं हो," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "मी बघितलं. मग पाजलं."

अनसूयाबाईंनी त्याला चोचीने डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी आणून पाजलं. चोच केवढीशी, पाणी केवढंसं. दुपारभर त्यांच्या खेपा चालल्या. संध्याकाळी हारूने पाय ताणले आणि परत आखडलेच नाहीत. कुमुदताईंनी त्याचं अंग चाटून स्वच्छ केलं. मग त्या उठल्या आणि प्रमाणपत्र परत करायला अधिष्ठात्यांकडे गेल्या.

बळवंतरावांनी सहानुभूतीने मान हलवली. "ताई, दुःख मोठं आहे. पण त्याग परत घेता येत नाही. तसं यंत्रच आपल्याकडे नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे कळप पाण्यावर उतरला, तेव्हा काठावर अनसूयाबाई उभ्या होत्या. त्यांनी गळ्याच्या शिरा ताणून ओरडायला सुरुवात केली. "टिटिव! टिटिव! पिऊ नका! वर जा, झऱ्यावर जा!" आवाज असा कर्कश की पडद्याच्या दोऱ्या थरथरल्या. एक नीलगाय म्हणाली, "पण पडदा तर..." तेवढ्यात कुमुदताई तिच्या आणि पाण्याच्या मध्ये येऊन आडव्या उभ्या राहिल्या. नीलगाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती डोंगराची चढण चढू लागली. तिच्यामागे कळप गेला.

असं रोज चाललं. अनसूयाबाईंचा गळा बसला, तरी घोगऱ्या आवाजात त्या ओरडायच्या. विद्यापीठाने त्यांना नोटीस पाठवली: 'आपल्या आवाजामुळे पडद्याच्या चित्राला बाधा येते.' बाईंनी ती वाचली, पायाखाली घातली आणि पुढचा कळप येताना दिसला म्हणून पुन्हा ओरडल्या. कुणीच तळ्यावर पिईना. पाडसं मरायची थांबली.

ही बातमी बळवंतरावांपर्यंत पोहोचली आणि त्यांनी लगेच सभा बोलावली.

"खुरांनो, पंखांनो आणि खवल्यांनो! पडदा येण्यापूर्वी पाडसं मरत होती. पडदा आला, आणि मरणं थांबलं! आता मला सांगा, हे कुणी केलं?"

"पडद्याने!" सभा गरजली.

"बाईंनी केलं," कुमुदताई उभं राहून म्हणाल्या. आवाज फार मोठा नव्हता, पण मागच्या रांगेतल्या नीलगाईने ऐकला. तिने आजूबाजूला पाहिलं आणि मान खाली घातली.

पुढच्या वर्षीच्या नियोजनात पडद्याचा निधी दुप्पट झाला. पाण्याचा प्रश्न सुटल्यामुळे पाणीशास्त्र विभाग बंद करण्यात आला. अनसूयाबाईंनी वडाखालचं आपलं सामान उचललं आणि त्या कायमच्या तळ्याकाठी राहायला गेल्या. विद्यापीठात त्यांचं नाव कुणी काढत नाही. झऱ्याची वाट मात्र पायांनी चांगली मळली आहे, आणि कुमुदताई अजूनही पहाटे बाईंना सोबत करायला जातात.

त्याच वर्षी कुलगुरूंची निवडणूक आली. बऱ्याच विचारांती विद्याशाखेने महापडद्यालाच उमेदवारी दिली. तो कधी काही मागत नव्हता, थकत नव्हता, आणि त्याच्यावर जंगल नेहमी हिरवंगार दिसत होतं. तो प्रचंड मतांनी निवडून आला. जे हरले त्यांनी एवढंच समाधान मानलं, की हा कुलगुरू निदान बटण दाबून बंद करता येतो.

बटण तरसांकडे असतं.