तिसऱ्या फेरीतला धागा

"ते सगळं राहू द्या अण्णा, या तिन्हींतला कोणता ठेवू तेवढं सांगा."

अण्णांनी वर बघितलंच नाही. एका मागाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून ते काहीतरी चाचपत होते.

"अण्णा!"

"ओरडू नको. डाव्या बाजूला येऊन बोल. उजवा कान गेलाय."

शर्मिष्ठा म्हेतरच्या कपाळाची शीरच उठली. आवाज निवडायला आपण कुणाकडे आलो, तर बहिऱ्याकडे! तीन जिल्ह्यांतले गिटारवाले ज्याचं नाव कानाला हात लावून घेतात, तो बाळगोंडा अण्णा म्हणजे इचलकरंजीतल्या मागाच्या शेडमधला जॉबर. जन्मभर बिघडलेले माग सुरू करत आला आणि फावल्या वेळात ऑर्केस्ट्रावाल्यांचे, कव्वालीवाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करत आला. त्या मागांनीच त्याचा कान खाल्लेला.

पण आली होती. परत जाणं तिच्या स्वभावात नव्हतं.

ती डाव्या बाजूला गेली. तिनं तीन डबे कापडाच्या गठ्ठ्यावर मांडले. तीन प्रीॲम्प. गिटारचा बारीक आवाज आधी या डब्यात शिरतो, इथं तो चिडतो, आणि मग चिडलेला तसाच मोठ्या स्पीकरला जातो. हेवी मेटल वाजवणाऱ्याचं सगळं भांडण या डब्याशी असतं.

"एक ट्यूबचा, एक ट्रान्झिस्टरचा, एक डिजिटल," ती म्हणाली. "एक ठेवायचाय. बाकीचे दोन आज संध्याकाळी परत द्यायचेत."

"आणि कार्यक्रम कधी हाय?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एवढी घाई कुणाला उगाच नसते."

रविवारी सांगलीच्या मैदानावर तिचा बँड वाजवणार होता. 'रणहलगी'. बँडचं नाव तिनं ठेवलेलं, गाण्यांच्या चाली तिच्या, आणि ड्रमर इरफानला त्याच्या मामाच्या गॅरेजमधून ओढून आणलं तेही तिनंच. तोच इरफान परवा खाली मान घालून म्हणाला होता, "शर्मी, मागच्या दोन्ही वेळा तुझी गिटार ऐकूच आली नाही. या रविवारीही नाही आली, तर सोमवारपासून दुसरा पोरगा बघतोय आम्ही."

तिच्याच बँडमधून तिलाच काढणार होते!

हे तिनं अण्णांना एका दमात सांगितलं. सांगताना आवाज कापला, म्हणून शेवटचं वाक्य मुद्दाम चढ्या आवाजात म्हणाली.

अण्णांनी हात पुसले. "जेवणाची सुट्टी चाललीय. माग बंद हायेत. वाजव."

तिनं पहिला डबा कोपऱ्यात दुरुस्तीला आलेल्या मोठ्या स्पीकरला जोडला, गिटार गळ्यात अडकवली आणि तारांवर हात मारला.

शेडचे पत्रे थरथरले. भाकरी खात बसलेल्या कामगारांचे घास हातातच राहिले. "आयला, भिंत पडती काय गं!" कुणीतरी म्हणालं. शर्मिष्ठाची मान वर झाली. हा माझा आवाज. बघा आता.

अण्णा कौतुक करायला थांबले नव्हते. त्यांनी खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक स्पीकरच्या लाकडाला लावलं, मूठ आपल्या जबड्याच्या हाडाला टेकवली आणि डोळे मिटले. बिघडलेला मागही ते असाच ऐकत.

"दुसरा."

तिनं दुसरा जोडला.

"तिसरा."

तिसरा झाला. अण्णांनी डोळे उघडले.

"तिन्ही एकच."

"एकच?" ती उसळलीच. "अण्णा, एकाच्या आत काचेच्या ट्यूबा जळतायत, एकात अख्खा कॉम्प्युटर आहे, आणि तुम्ही म्हणता एकच?"

"बटणं कुणी लावली?"

"मी."

"तिन्हींची?"

"हो."

"मग एकच की."

...

तिनं तिन्ही डबे पुन्हा पाहिले. बटणं तिन्हींची सारखीच होती, हे खरं. आवाज चिडवणारं गेन शेवटपर्यंत पिळलेलं. खर्ज पूर्ण वर, टिपेचा भाग पूर्ण वर. आणि मधल्या सुरांचं बटण, मिड, शून्यावर.

"मधल्याचा गळा का दाबलास?"

"मेटलमध्ये असंच लावतात. सगळे असंच लावतात."

"घरी कुठं वाजवतीस?"

"माझ्या खोलीत."

"एकटीच?"

"एकटीच."

"हं," अण्णा म्हणाले, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले.

घंटा झाली. कामगार उठले, हात धुतले, आपापल्या मागावर गेले. पहिला दांडा ओढला गेला. खटक, खटक, खटक. मग दुसरा. मग चार एकदम.

अण्णांनी तिच्या कानाला तोंड लावलं. "आता वाजव!"

तिनं वाजवलं. सहावा माग सुरू होईपर्यंत तिला स्वतःला ऐकू येत होतं. दहाव्याला पायाखाली नुसती घरघर उरली. वीस झाले तेव्हा ती हात मारत होती आणि आवाज कुठं जात होता देव जाणे. तिनं व्हॉल्यूम वाढवला. घरघर वाढली, एवढंच.

तिला मागचा कार्यक्रम आठवला. उतरताना एक अनोळखी मुलगा जवळ येऊन फार अदबीनं विचारत होता, "ताई, तुम्ही काय वाजवत होता?" त्या रात्री ती जेवली नव्हती.

अण्णा खाली वाकले. सगळ्यात जवळ जो डबा होता तोच त्यांनी जोडला. खर्ज खाली आणला. गेन अर्ध्याच्याही खाली नेलं. मिडचं बटण मात्र निम्म्याच्या बरंच वर चढवलं.

तिनं त्यांचं मनगट धरलं. "अण्णा, माझा आवाज मारताय तुम्ही! याला मेटल म्हणत नाहीत!"

मागांच्या गोंगाटात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. अण्णांना मात्र बरोबर कळलं. मागावर जन्म काढलेल्याला ओठ वाचता येतात.

"हात सोड," ते तिच्या कानात ओरडले. "वाजव."

तिनं रागानं वाजवलं. त्यांना दाखवायला म्हणूनच वाजवलं, की बघा, कसं घाण लागतंय. आणि घाणच लागत होतं. उघडा, खरखरीत, नाकातून निघाल्यासारखा आवाज. अंगावर कपडे नसल्यासारखं तिला वाटलं.

पण तो जात नव्हता. पन्नास माग खटखटत होते आणि हा मध्ये तंगडी घालून उभा होता.

शेडच्या पार पलीकडच्या टोकाला मालन अक्का सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. साठीची बाई, नाकात मोरणी, कांड्यांवरून नजर न हलवणारी. त्यांनी मान वळवली. जरा वेळ ऐकलं. मग हात वर करून तीन बोटं दाखवली, आणि दोन्ही हातांनी हवेत काहीतरी ताडकन तोडलं.

"काय म्हणतायत त्या?" शर्मिष्ठानं अण्णांना ओठांनीच विचारलं.

अण्णा तिच्या कानाशी आले. "तिसऱ्या फेरीत धागा तुटला म्हणतीय."

शर्मिष्ठाचे हात तारांवरच थांबले.

तिसरी फेरी. ती वाजवत होती त्या चालीची तिसरी फेरी सगळ्यात जलद होती, आणि तिच्यात एक सूर तिच्या बोटातून दर वेळी निसटायचा. दर वेळी. हे इरफानला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. गेन पूर्ण पिळलं की त्या गुरगुरीत सगळं बुडून जायचं. बुडता बुडता तिच्याही ध्यानातून ते कधी गेलं, कुणास ठाऊक. आणि ही बाई, जिनं जन्मात गिटार हातात धरली नव्हती, तिनं पन्नास मागांच्या पलीकडून बोट ठेवलं!

तिला लाज वाटली. लाज वाटली म्हणून जास्तच राग आला. तिनं केस मागं बांधले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तीन बोटं.

पुन्हा.

तीन बोटं. या वेळी मालन अक्कांनी मानही वळवली नाही, नुसता हात वर केला.

"या बाईला मी सोडत नाही!" शर्मिष्ठा ओरडली. कुणालाच ऐकू आलं नाही, पण अण्णा हसले.

सात वेळा वाजवलं. बोटांची टोकं लाल झाली. सात वेळा तो हात वर आला. सातव्या वेळी मात्र जरा उशिरा आला, विचार करून आल्यासारखा.

मग अण्णांनी गिटारची वायर काढली आणि तिला हातानं धरून बाहेर अंगणात आणलं. दार ओढून घेतलं. मागांचा आवाज दारामागं राहिला.

दोघं निंबाखाली उभी राहिली. तिच्या काखेत तो डबा होता, तिन्हींतला कोणता हे तिनं अजून पाहिलंही नव्हतं.

"म्हणजे हा ठेवू?"

"हाताला लागला तो ठेव."

अण्णांनी डब्यावरची गेनची टोपी दोन बोटांत धरून उपटली आणि खिशात टाकली.

"अहो, ती काय करताय! बटण कसं फिरवणार मी?"

"फिरवायचं न्हाई. सोमवारी येऊन ने."

...

ती त्या बोडक्या खुंट्याकडे बघत राहिली. आता आवाज चढवून लपायची सोय उरली नव्हती.

"अण्णा, ऐकू आले नाही तर काढणार होते मला," ती हळू आवाजात म्हणाली. "आता ऐकू येईन. आणि अजून तीन दिवसांत तो सूर नाहीच बसला तर? इरफानला कळेल. अख्ख्या मैदानाला कळेल, की मी कुठं कच्ची आहे ते."

ती चुकून उजव्या बाजूला उभी होती. पण अण्णा तिच्या ओठांकडेच बघत होते.

"कळू दे की."