हौसाबाईची पिठाची मूठ

भाविकहो, प्रभूच्या कृपेची ही गोष्ट सांगायला बसलो की आजही माझ्या अंगावर काटा येतो!

येशुदास महाराज त्या साली खडकओहोळात मुक्कामाला होते. प्रवरेपासून आत, माळावर वसलेलं हे छोटं गाव. गावात ख्रिस्ती मंडळीची थोडी घरं आणि एक दगडी प्रार्थनामंदिर. महाराज सकाळी विहिरीवर बायकांशी बोलत, दुपारी आजाऱ्यांच्या उशाशी बसत आणि सांजेला वीणा घेऊन प्रभूचं कीर्तन करत. मंडळीचा सगळा कारभार मात्र पंच शांतवनराव भिंगारदिवे यांच्या हाती. माणूस सचोटीचा, पण मोठेपणाचा भारी सोस! आपण नसतो तर प्रभूचं या गावात काही खरं नव्हतं, अशा थाटात ते वावरत.

त्या दिवाळीच्या सुमारास रखमाजी आणि हौसाबाई या नवरा-बायकोनं महाराजांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. भावकीनं त्यांना लगेच वाळीत टाकलं. मंडळीनं त्यांचं स्वागत केलं खरं, पण आत बसायचं कुठं, ते कुणी सांगेना. प्रत्येक घराची सतरंजीवरची जागा ठरलेली. दोघं आपली दाराशी, चपलांच्या शेजारी बसायला लागली.

मंडळीत एक सुंदर रीत होती. रोज भाकरी करण्याआधी घरची बाई देवासाठी मूठभर धान्य बाजूला काढी. रविवारी ते मंदिरातल्या कणगीत पडे आणि वैशाखातल्या वार्षिक सणाला सगळी मंडळी आणि पाहुणे त्याच धान्याचं एका पंगतीत जेवत. हौसाबाईला हे नीट कुणी सांगितलंच नाही. 'मूठ काढायची' एवढंच तिच्या कानावर आलं. मग ती बिचारी रोज काठवटीतल्या पिठातूनच मूठ काढू लागली!

पहिल्या रविवारी तिनं पुरचुंडी सोडली आणि बायका पदराआड हसल्या.

शांतवनराव म्हणाले, "आवो बाई, देवाची मूठ धान्याची असती. बाजरीचं पीठ आठ दिवसांत कडू व्हतं, येवढं बी ठाऊक न्हाई? हे कणगीत वतलं तर समद्यांची तोंडं कडू कराल. ठिवा तिकडं दाराशी, मडक्यात. तुमचं नव्यांचं येगळंच बरं."

हौसाबाईनं खाली मान घालून पीठ मडक्यात ओतलं. संध्याकाळी तिनं महाराजांना विचारलं, "आता धान्य आणू का, महाराज?"

महाराज म्हणाले, "लेकी, देवाला द्यायचं म्हणून तू काय काढलं होतंस?"

"पीठ."

"मग पीठच आण."

झालं! महाराजांचा शब्द तिनं धरून ठेवला. रविवारमागून रविवार ती पिठाची मूठ आणी, आणि शांतवनराव येता-जाता त्या 'कडू मडक्या'वरून तिची थट्टा करत.

चैत्रात शांतवनरावांच्या मनात आलं की सणाला बाहेरगावचे लोक येणार, तेव्हा कणगी कशी झोकात दिसली पाहिजे. त्यांनी ती आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपून घेतली. "वाळू तरी द्या," असं त्यांची बायको राहेलबाई म्हणत होती. पण ऐकतील तर ते शांतवनराव कसले! ओल्या कणगीतच धान्य भरलं, तोंड लिंपलं आणि वरून चुन्याची नक्षी काढली.

सणाचा दिवस उजाडला. अंगणात जाती मांडली होती, चुली घातल्या होत्या. तेवढ्यात मंदिरापुढं एक बैलगाडी थांबली. हौसाबाईचा थोरला भाऊ गेनू आला होता.

तो म्हणाला, "हौसे, न्यायला आलोय तुला. दाजींना बी घे. इतकं महिनं झालं, ही माणसं तुमाला चपलांपाशी बसवत्यात. माघारी आलीस तर भावकी पदरात घेईल. आई रडती रोज."

हौसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. रखमाजी खाली बघत राहिला.

"दादा, आजचा सण हुंदे," ती म्हणाली. "आज बी पंगतीत जागा मिळाली न्हाई, तर येते."

महाराज जवळच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

इकडं शांतवनरावांनी मोठ्या ऐटीत कणगी फोडली. आणि काय सांगू! कुबट वासाचा असा भपका आला की पुढच्या बायका मागं सरल्या. धान्य तापून, बुरशी धरून ढेकळं झाली होती. जनावरानंही तोंड लावलं नसतं! वैशाखाचा शेवट, घरोघरचे डबे तळाला गेलेले, आणि पाहुण्यांच्या गाड्या तर माळ चढू लागल्या होत्या. शांतवनराव मटकन खाली बसले.

महाराज पुढं आले. "शांतवनराव, दाराशी एक मडकं आहे ना?"

"महाराज, ते कडू पीठ हाय. आन येवढ्या माणसांत ते कुणाच्या दाताला पुरणार?"

महाराजांनी दाराशी जाऊन मडकं उचलून आणलं आणि हौसाबाईला हाक मारली. "लेकी, काठवट घे आणि या मधल्या चुलीपाशी बस."

तिनं काठवट पुढं ओढली. "महाराज, कडू लागलं तर?"

"तर आपण सगळे मिळून कडू खाऊ," महाराज हसून म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. हौसाबाईनं पहिली भाकरी थापली. तव्यावर ती टम्म फुगली. महाराजांनी तिचा तुकडा मोडून आधी शांतवनरावांच्या हातावर ठेवला. पंचांनी वाकडं तोंड करूनच घास घेतला आणि चावता चावता थांबले. पीठ कालच जात्यावरून उतरल्यासारखं गोड लागत होतं! त्यांनी दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढं केला.

मग काय धांदल उडाली! हौसाबाई मडक्यात हात घाली, तर पीठ मनगटापर्यंत लागे. पुन्हा घाली, पुन्हा तेवढंच! राहेलबाई धावत येऊन तिच्या शेजारी बसल्या आणि तिच्या हातचे उंडे घेऊन थापू लागल्या. ज्या बायका पदराआड हसल्या होत्या, त्या आता "हौसाबाई, मला दे, मला दे" म्हणत परात पुढं करत होत्या. पंगतीवर पंगती उठल्या. गेनूलाही लोकांनी हात धरून पानावर बसवलं. प्रभूची करणी अशी की शेवटचा पाहुणा हात धुवायला उठला तेव्हाच हौसाबाईची बोटं मडक्याच्या बुडाला टेकली. भाजलेल्या थोड्या भाकरी मात्र टोपलीत उरल्या होत्या.

शांतवनरावांनी धावत जाऊन महाराजांचे पाय धरले. "चुकलं माझं, महाराज."

महाराजांनी पाय मागं घेतले. "मी तर नुसती खाल्ली. भाकरी केली कुणी?"

भर अंगणात, साऱ्या गावादेखत, शांतवनराव पंच त्या चुलीपुढं गेले आणि हौसाबाईसमोर गुडघे टेकून त्यांनी कपाळ जमिनीला लावलं. ते म्हणाले, "माफ कर, बाई. तुला आत घेणारा मी कोण?"

त्याच वेळी गेनूनं बैल जुंपले. "हौसे, उन्हं कलली. येतीस ना?"

हौसाबाईनं पिठानं भरलेल्या हातानंच डोळे पुसले. "न्हाई दादा, तू जा. आईला सांग, घरची माणसं जेवायची ऱ्हायलीत अजून."

मग तिनं टोपली पुढं ओढली आणि वाकलेल्या शांतवनरावांना म्हणाली, "उठा भावजी. सकाळधरनं दोन तुकड्यांवरच हाय तुमी."