फांदी किती लवली

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. सांगणाऱ्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, हवी त्याची शपथ घाला. आता, त्या दिवशी सांगणारा तिथे नव्हता, ही गोष्ट वेगळी. तो मुलूखही त्याने कधी पाहिलेला नाही. पण तेवढ्याने खऱ्याचं काही खोटं होत नाही.

त्या मुलखात पाणी एकाच झऱ्याचं होतं आणि झरा वानरांच्या ताब्यात होता. झऱ्यापासून पाट निघून एकेका कळपाच्या माळावर जात. कुठल्या पाटाचं दार किती उघडायचं ते एक म्हातारा वानर ठरवी. त्याला सगळे मुकादम म्हणत. ठरवायची रीत अशी होती: प्रत्येक माळावर एक झाड होतं, झाडाखाली एडक्यांच्या टकरी लागत, आणि पाखरं फांदीवर बसून बघत. पाखरं जितकी जास्त तितकी फांदी खाली लवे. मुकादम येई, फांदीचं टोक आणि जमीन यांच्यामध्ये आपलं शेपूट ताठ धरून माप घेई आणि म्हणे, "यात माझं काही नाही बाबांनो. फांदी बोलते." ज्याची फांदी लवली त्याचं दार उघडलं. वानरांना टकरींचं एवढं काय पडलं आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. पाण्याच्या दाराशी उभा असलेल्याला प्रश्न विचारायची त्या मुलखात पद्धत नव्हती.

मोठे कळप दोन. उगवतीच्या कळपाची चिंच होती, मावळतीच्या कळपाचा आंबा. दोघांच्या टकरी मुद्दाम एकाच दिवशी, एकाच वेळी लागत, म्हणजे पाखरांना इकडे तरी बसावं लागे नाहीतर तिकडे. बाकीचे कळप लहान. त्यांतलाच एक ओढ्याकाठचा, आणि त्याचा पुढारी मुरड्या. डावं शिंग जन्मतःच मुरडलेलं, म्हणून मुरड्या.

ओढ्यापलीकडच्या टेकाडावर बोकडांचा कळप होता. त्यांचा पुढारी कानफाट्या. त्याचा कान मुरड्यानेच फाडला होता, आणि ही गोष्ट दोघेही अभिमानाने सांगत. वर्षातून एकदा ओढ्यातल्या बाभळीखाली दोघांची टक्कर होई. हरणाऱ्याने वर्षभर शिंगांना बोरीच्या काट्यांची मुंडावळ बांधून हिंडायचं, एवढीच पैज.

"ये रे लोकरीच्या गाठोड्या," कानफाट्या पलीकडून ओरडे. "यंदा मुंडावळ जरा सैल बांधली आहे, तुझं डोकं फुगलंय म्हणून!"

"दाढी सांभाळ आधी," मुरड्या म्हणे. "गेल्या खेपेला तुझ्याच पायात आली होती."

टक्कर झाली की दोन्ही कळप एकाच डबक्यात तोंड घालून पाणी पीत. बाभळीची फांदी लवून लवून कितीशी लवणार! पाट बारीकच वाहे, पण वाहे.

एका उन्हाळ्यात तो आणखी बारीक झाला. तेव्हाच उगवतीचा पुढारी धोंडशिंग्या ओढ्याकाठी आला. त्याची शिंगं दगडासारखी होती आणि बोलणं लोण्यासारखं.

"मुरड्या, तुझ्या गड्यांची शिंगं चांगली आहेत. आमच्या चिंचेखाली या. आमचं पाणी ते तुमचं पाणी."

"आणि बोकडांची टक्कर?"

"बोकडांना बघायला येतं कोण रे? सहा साळुंक्या आणि एक बहिरा होला."

मुरड्याने आपल्या बायकोकडे पाहिलं. शेवंती मेंढी डबक्याचा तळ चाटत होती. "जाऊ नये असं मन सांगतं," ती म्हणाली. "पण अहो, मनाला तहान लागत नाही."

ते निघाले तेव्हा कानफाट्या टेकाडाच्या टोकावर उभा होता. "जा, जा, मोठ्या घरी जा! पण ही मुंडावळ पुढच्या साली कुणाला बांधू, तेवढं सांगून जा की!" मुरड्याने मान वळवली नाही. वळवली असती तर पाय वळले असते.

चिंचेखाली पाणी गुडघाभर होतं. मेंढ्यांच्या अंगावर मांस आलं. पण टक्कर कशी द्यायची हे मुरड्याच्या गड्यांना नव्याने शिकावं लागलं. इथले एडके समोरच्याकडे बघतच नसत. एक डोळा सतत वर, फांदीकडे. धडक बसायची आणि दोघांच्याही माना वाकड्या व्हायच्या, कारण दोघेही वर बघत असायचे. संध्याकाळी निम्मा कळप लंगडत, मान चोळत बसे, आणि एकच प्रश्न तोंडातोंडी फिरे: आंब्याची किती लवली? आंबा दोन बोटं जास्त लवला की इकडे कुणाच्या घशाखाली घास उतरत नसे. मग धोंडशिंग्या आणखी एक लहान कळप गोड बोलून आणी. मावळतीवालाही तेच करी. मधले माळ ओस पडत गेले. त्या माळांवरची झाडं उभी होती, पण त्यांच्या फांद्या अगदी सरळ होत्या, आणि सरळ फांदी पाहिली की आता मुरड्या तोंड फिरवून घेई.

एके दिवशी टकरीत एका तरण्या एडक्याचं शिंग मुळापासून मोडलं. रक्ताची चिळकांडी उडाली. तेवढ्यात वरून काहीतरी जड येऊन बसलं आणि चिंच करकरली. साळुंक्या, पोपट, होले भर्रकन उडाले. फांदीवर एक गिधाड होतं.

ते एकटंच होतं, पण फांदी खाली आली होती. कधी नव्हे एवढी खाली.

मुकादमाने शेपूट धरलं, पुन्हा धरलं. "गिधाड काय नि साळुंकी काय," तो म्हणाला, "फांदी बोलते." त्या संध्याकाळी पाटाचं दार पहिल्यांदाच पूर्ण उघडलं.

त्यानंतर कुणी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून तरणे एडके खडकावर शिंगं घासू लागले. घासण्याचा खर्र खर्र आवाज दिवसभर येई आणि ऐकू येत नसल्यासारखं सगळे चरत राहत. मावळतीकडूनही वाऱ्याबरोबर तसाच खर्र खर्र आवाज येई.

"साळुंक्या कुठे गेल्या हो?" शेवंतीने विचारलं.

"येतील."

"गिधाडाच्या मांडीला मांडी लावून? तुम्ही बसाल?"

मुरड्याने फांदीकडे पाहिलं, तिथे एकाची कितीतरी गिधाडं झाली होती. गिधाडं आता टक्कर संपल्यावरही जात नव्हती. कळप चरे तेव्हा ती फांदीवर असत, कळप निजे तेव्हाही असत. दिवसा जी नजर मिळावी म्हणून एडके जीव टाकत, तीच रात्री पाठीवर नको होई. मेंढ्या कोकरांना पोटाखाली घेऊन उभ्या उभ्या डुलक्या काढत. पण सकाळी एखादं गिधाड कमी दिसलं की तोच कळप घाबराघुबरा होई: मावळतीकडे तर गेलं नाही ना?

मग बातमी आली की आंबा जमिनीला टेकायला आला आहे. धोंडशिंग्या मुरड्याला बाजूला घेऊन म्हणाला, "आता साध्या टकरींनी भागायचं नाही. जुनं वैर पाहिजे. मी कानफाट्याला बोलावलंय."

"तो कशाला येईल?"

"बाभळीखाली टक्कर नाही, म्हणून फांदी सरळ. फांदी सरळ, म्हणून दार बंद. दार बंद झाल्यावर बोकड कुठे जाईल?" धोंडशिंग्याचा आवाज अजूनही लोण्यासारखाच होता. "त्याला नुसता हरवायचा नाही. पाडायचा. पुन्हा उठता कामा नये."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर ओढ्याकाठच्यांनी आमच्या पाटाला तोंड लावायचं नाही. पहिली शेवंती."

टकरीच्या दिवशी चिंचेवर पान दिसत नव्हतं, एवढी गिधाडं होती. कानफाट्या समोर आला तेव्हा मुरड्याने त्याला आधी ओळखलंच नाही. बरगड्यांवर कुणीतरी कातडं वाळत घातल्यासारखा तो दिसत होता. फाटका कान तेवढा तोच होता.

"काय रे गाठोड्या, फुगलास!" कानफाट्या म्हणाला.

"तू वाळलास."

"वाळलेलं टिकतं म्हणतात." तो हसला, आणि हसताना त्याचे पुढचे गुडघे लटपटले. मग हळूच म्हणाला, "टेकाडावर सात जण उरलोत. धोंडशिंग्याने कबूल केलंय, टक्कर दिली की आमचं दार उघडवतो म्हणून. तेव्हा पळून जाऊ नकोस, मार. पण इकडे बघून मार, मुरड्या. वर बघून नको."

मुकादमाने हात खाली केला. कळप ओरडायला लागला. मुरड्या मागे सरला, खूर रोवले आणि निघाला. पलीकडून कानफाट्या धावत होता, धावणं कसलं, पडत होता पुढे पुढे. अंतर एका उडीचं राहिलं तेव्हा मुरड्याने त्याच्या डोळ्यांत पाहिलं, खूर मातीत रुतवले आणि जागच्या जागी थांबला. मग त्याने आपलं कपाळ त्याच्या कपाळाला नुसतं टेकवलं. माळ चिडीचूप झाला. दोघे तसेच उभे राहिले. वाट बघून बघून एक गिधाड उडालं, मग दुसरं, मग सगळी, आणि चिंचेची फांदी सावकाश, करकरत वर गेली.

एवढं मात्र सांगणाऱ्याने पदरचं घातलं आहे. बाकी सगळं खरं, फक्त मुरड्या थांबला नव्हता.

त्याने कानफाट्याच्या डोळ्यांत पाहिलं, हे खरं. त्यानंतर त्याने डोळे मिटून घेतले. धडकेचा आवाज आंब्यापर्यंत गेला म्हणतात. चिंचेची फांदी जमिनीला टेकली, मुकादमाला शेपूट घालायला फटसुद्धा उरली नाही, आणि चिंचेच्या पाटाचं दार सताड उघडलं. कळप आनंदाने बेभान झाला. पाण्यात उड्या पडल्या, कोकरं नाचू लागली, कुणीतरी मुरड्याचं नाव घेऊन ओरडू लागलं. शेवंती पाण्याच्या काठाशी उभी होती, ती काही ओरडत नव्हती.

मुरड्याच्या डोळ्यांवर रक्त आलं होतं. कुणाचं, ते त्याला कळत नव्हतं. कानफाट्या त्याच्या पुढ्यात पडला होता. गिधाडं आता खाली उतरतील, निदान त्यांना तरी अडवावं, म्हणून तो त्याच्या अंगावर पाय फाकून उभा राहिला आणि फांदीकडे पाहू लागला.

एकही गिधाड उतरलं नाही. बोकडात होतं काय, नुसती हाडं आणि कातडं. त्यांच्या माना लांबलेल्या होत्या, पण कानफाट्याकडे नाही, मुरड्याकडेही नाही. त्या दोघांच्या डोक्यांवरून पलीकडे जाऊन त्यांच्या नजरा, घाई न करता, गुडघाभर पाण्यात नाचणाऱ्या गरगरीत कळपावर एकेकीने स्थिरावत होत्या.