टोपलीखालचं पीठ

"सून घरात आली नि चार महिन्यांत गावातलं हे तिसरं मढं, बाबा. तिला माहेरी धाडली, तर थांबेल का हे?"

सासरे गेणबा पडवीत हळूच बोलले. पण कुडाचं घर. आत वेणूला सगळं ऐकू गेलं.

समोर घोंगडीवर मठातले निरंजनबाबा बसले होते.

काल वेणूचे थोरले दीर गेले. लिंबाजी. वय चौतीस. खडीच्या क्रशरवर दगड टाकायचे. आधीचे दोघेही तिथलेच. एकाला करणी बाधली, दुसऱ्याला दारू भोवली, असं गावानं ठरवलं होतं. त्यातल्या पहिल्याचा खोकला वेणूच्या लग्नात मंगलाष्टकांच्याही वर चढला होता. पण तेव्हा अंतरपाट मध्ये होता, ती सून व्हायची होती. म्हणून तो खोकला कुणी हिशेबात धरला नाही.

"आधी पाऊल बघा, बाबा," गेणबा म्हणाले.

प्राण गेला तिथं पीठ पसरून, दिवा लावून, वर टोपली झाकलेली. सकाळी पिठात ज्याचं पाऊल उमटेल, त्याचा जन्म मिळाला म्हणायचं.

बाबांनी टोपली उचलली. पीठ सपाट.

"काहीच नाही..." गेणबा पिठावर वाकले. "म्हणजे पोराचा जीव अडकला! हिच्याच पायगुणानं! उद्यापासून धाकटा लिंबाच्या जागेवर लागायचाय, बाबा. त्याला तरी वाचवा."

धाकटा म्हणजे वेणूचा नवरा.

बाबा आत गेले. सुतकाचं घर, चूल थंड. कालपासून पालथा पडलेला तवा त्यांनी उचलून आणला. काळा तवा पांढरा झाला होता. बाबांनी त्यावर बोट ओढलं.

"हे पीठ कुणी पसरलं, गेणबा?"

"आम्ही तर टोपलीखालीच..."

गावाला खेटून क्रशर धडधडायला लागला. कुडाच्या फटींतून पांढरी धूळ आत यायला लागली. गेणबांनी तवा बाजूला सारला.

"ते राहू द्या. हिला धाडू का नको, तेवढं सांगा."

"मला कशाला विचारतोस?" बाबा घोंगडीवरून उठले, भुईवर बसले. रिकामी घोंगडी त्यांनी उंबऱ्याकडे सरकवली. "ये पोरी. बस इथं. सासरा काय विचारतोय, त्याला सांग."

चार महिन्यांत सासऱ्यांपुढं वेणूचा शब्द फुटला नव्हता. ती बाहेर आली. बसली नाही.

"आजच जाते, मामंजी. चौथा गेला, म्हणजे मग कुणाला माहेरी धाडाल?"