मुंगळेमामा काही बसेनात

समुद्राकाठी एक कुर्ली राहायची. कुर्ली म्हणजे छोटा खेकडा. ही तर गुंजेएवढी. म्हणून नाव गुंजी.

एकदा गुंजीकडे पाहुणे आले. कोण बरं? मुंगळेमामा. लांब घाटावरून आले, समुद्र बघायला. पाठीवर बोचकं. बोचक्यात ज्वारीची लाही.

"या मामा, बसा," गुंजी म्हणाली.

"बसतो की," मामा म्हणाले. "गूळ-पाणी झालं की बसतो."

तिथली रीतच तशी. आधी गूळ-पाणी. मग पाहुणा बसणार. मग गप्पा, मग समुद्र.

गुंजीने शिंपलीभर पाणी ठेवलं. घरात गुळाचा एकच खडा. तो घेऊन निघाली. तुरुतुरु आडवी, तुरुतुरु आडवी. कुर्ल्या आडव्याच चालतात. समोरचं दिसतं कुठे?

टण्ण. होडीला धडकली. खडा सुटला. गडगड गडगड, होडीखाली गेला. गुंजीने वाळू उकरली, तर आणखीच आत गेला.

मामा उन्हात उभे. वाळू तापलेली. पाय सहा, सहाही भाजले. तीन उचलले, तीन टेकले. तीन उचलले, तीन टेकले. पण बसेनात.

"होडीताई, होडीताई, हल की गं जरा.
गूळ निघेना,
मामा काही बसेनात."

"मी नाही हलत. नाखवा ढकलेल, तर हलेन."

होडी होती धाकू नाखव्याची. तो माडाखाली पडलेला. गुंजी गेली, तुरुतुरु आडवी.

"नाखवादादा, नाखवादादा, उठा की जरा.
होडी हलेना,
गूळ निघेना,
मामा काही बसेनात."

"मी नाही उठत. चहा मिळेल, तर उठेन."

चहा करायची नाखव्याची बायको, भागीकाकू. गुंजी गेली, तुरुतुरु आडवी.

"भागीकाकू, भागीकाकू, चहा करा की जरा.
नाखवा उठेना,
होडी हलेना,
गूळ निघेना,
मामा काही बसेनात."

"मी नाही करत. चुलीला सुकी झावळी मिळेल, तर करीन. त्यांना सांग, पडल्या पडल्या चहा मागायला काय जातं."

गुंजी गेली माडाकडे, तुरुतुरु आडवी.

"माडदादा, माडदादा, झावळी टाक की जरा.
काकू चहा करेना,
नाखवा उठेना,
होडी हलेना,
गूळ निघेना,
मामा काही बसेनात."

"मी नाही टाकत. वारा हलवेल, तर टाकेन."

वारा कुठे? वारा शंखात झोपलेला. घुर्रर्र, घुर्रर्र.

"वारेबुवा, वारेबुवा, उठा की जरा.
माड झावळी टाकेना,
काकू चहा करेना,
नाखवा उठेना,
होडी हलेना,
गूळ निघेना,
मामा काही बसेनात."

"मी नाही उठत. कोणी गुदगुल्या करील, तर उठेन."

आता आली का पंचाईत. गुंजीला नांग्या. त्यांनी गुदगुल्या कशा होणार? चिमटाच बसणार. गुंजीचे डोळे भरले.

मामा आले, तीन उचलत, तीन टेकत.

"सरक गं पोरी. गुदगुल्या मी करतो."

"नको मामा. पाहुण्याला काम सांगतात का कुठे?"

"गूळ-पाणी झालं का माझं?"

"नाही."

"मी बसलो का?"

"नाही."

"मग मी अजून पाहुणा झालोच कुठे?"

मामा शिरले शंखात. सहा पायांनी गुदगुल्या. गिलीगिली, गिलीगिली.

आऽऽक्‌छी. वारा उठला.
माड हलला, सळसळ सळसळ.
झावळी पडली, धप्प.
चूल पेटली, धडधड.
चहा झाला. नाखवा प्याला, सुर्रर्र.
नाखवा उठला. होडी ढकलली, खर्रर्र.

आणि खाली? गुळाचा खडा. जसाच्या तसा, वाळूसुद्धा चिकटली नाही. बरं, थोडीशी चिकटली होती.

गुंजीने खडा आणला. या वेळी हळू, बघून बघून. मामांनी गूळ खाल्ला. वर शिंपलीभर पाणी. आणि मग,

मामा बसले.

होडीच्या सावलीत, गार वाळूत, ऐसपैस. बोचकं सोडलं. अर्धी लाही गुंजीला, अर्धी मामांना. समोर समुद्र. छोटीशी लाट आली, मामांच्या पायांना शिवली, परत गेली.

"केवढं हे पाणी," मामा म्हणाले. "बरं झालं, बसून बघतोय."

गोष्ट आली आडवी आडवी, खाऊन गेली लाही थोडी.