धोक्याच्या हाकेला टाळ्या

एका डोंगराच्या कुशीत, हिरड्या-बेहड्यांच्या दाट रानात, प्राण्यांची एक शाळा भरत असे, आणि त्या शाळेत भेकराची एक पोर शिकत असे. मुलांनो, भेकर म्हणजे बकरीएवढं छोटं हरीण. त्यांची जातच भित्री, पण ही पोर म्हणजे भित्र्यांतली भित्री. वाळकं पान पडलं तरी हिचे कान टवकारत, आणि फळ्याजवळ बोलावलं की हिचे गुडघे एकमेकांवर आपटत. उत्तर तिला येत असे, पण ती तोंड उघडेपर्यंत दुसराच कोणीतरी ते देऊन मोकळा होई.

शाळा मात्र पंचक्रोशीत नावाजलेली. मुख्याध्यापिका होती एक उंचीपुरी म्हातारी नीलगाय. तिला सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत. शाळेच्या सशांनी नदीपलीकडच्या शाळेला कबड्डीत धूळ चारली होती. सुगरणींच्या घरट्यांचं प्रदर्शन बघायला तीन डोंगरांवरून पाहुणे येत. दरवर्षी हिवाळ्यात स्नेहसंमेलन होई आणि मोठ्या बाई अहवाल वाचायला उभ्या राहिल्या की त्यांचा ऊर भरून येई. अहवाल लांबे, पोरं चुळबुळ करत, पण अभिमान सगळ्यांनाच वाटे.

संमेलनातला सर्वांत मानाचा कार्यक्रम म्हणजे ‘धोक्याची हाक’. फार वर्षांपूर्वी एका बिबट्याने शाळेतली दोन पोरं उचलून नेली होती. बिबट्या दिसला की हाक कशी द्यायची हे प्रत्येकाला आलंच पाहिजे, असं तेव्हाच्या बाईंनी ठरवलं. पोरांना गोडी लागावी म्हणून त्यांनी स्पर्धा ठेवली आणि जिंकणाऱ्याला सागवानी ढाल. हेतू चांगला होता. पण स्पर्धा म्हटली की गुण आले, गुण आले की परीक्षक आले, आणि परीक्षक आले की मोर गुरुजी आले.

मोर गुरुजी शाळेतल्या सगळ्या कार्यक्रमांचे सूत्रधार. त्यांनी स्पर्धेला वळण लावलं. हाकेआधी नमस्कार, मग प्रस्तावना, मग हाक, आणि शेवटी मान वाकवून आभार. एका वर्षी अशी गंमत झाली की एका चितळाने हाक दिली आणि घाबरून अर्धं मैदान पळालं. पळापळीत प्रमुख पाहुण्यांचा हार तुडवला गेला आणि बक्षीस समारंभ रद्द झाला. गुरुजी संतापले. दुसऱ्याच दिवशी पळसाच्या पानावर लिहिलेली सूचना क्रमांक चार झाडाला लागली. ‘हाक ऐकून कोणीही पळू नये. जागेवर बसून टाळ्या वाजवाव्यात.’ मोठ्या बाईंनी खाली सही केली. तेव्हापासून बालवर्गातल्या पोरांनासुद्धा आधी हेच शिकवत. हाक आली की बसायचं, आणि खुरं आपटून टाळ्या द्यायच्या.

यंदा भेकराच्या पोरीच्या वर्गातून सांबराचं पाडस स्पर्धेत उतरणार होतं. त्याचा घसा बसला आणि गुरुजींनी हिचं नाव घातलं. त्या दिवसापासून पोरीचा चारा तोंडात फिरू लागला. ती रोज ओढ्यावर जाऊन सराव करी, पण आवाज फुटतच नसे.

“गुरुजी, मला भीती वाटल्याशिवाय हाक येत नाही,” ती कसंबसं म्हणाली.

“अगं वेडे, घाबरायचं नाही. घाबरल्याचा अभिनय करायचा,” गुरुजी पिसारा सावरत म्हणाले. “त्या वानराकडे बघ. तीन वर्षं ढाल त्याच्याकडे आहे. तो घाबरतो का कधी?”

घरी धाकटी बहीण छकुली मात्र हरखून गेली होती. ती यंदाच बालवर्गात जाऊ लागली होती. “माझी ताई स्पर्धेत आहे,” असं ती दिसेल त्याला सांगत सुटली. ते ऐकलं की ताई जवळच्या झुडपाआड दडे.

संमेलनाचा दिवस उजाडला. दुपारचं स्वच्छ ऊन होतं. सपाट कातळावर मंच मांडला होता, पाकळ्यांची रांगोळी घातली होती. प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेलं घुबड हार घालून घेताच खुर्चीत झोपी गेलं. पुढच्या रांगा पाहुण्यांना दिल्या होत्या, म्हणून बालवर्गाला सगळ्यांत मागे बसवलं होतं. त्यांच्या पाठीशी पुरुषभर उंचीचं वाळकं गवत होतं.

स्पर्धक मंचाच्या बाजूला करवंदीच्या जाळीआड थांबले होते. भेकराची पोर सातवी. तिथून तिला अख्खं मैदान दिसत होतं. मागच्या रांगेच्या अगदी टोकाला छकुली बसली होती आणि मान उंच करकरून ताईला शोधत होती.

सहावा क्रमांक वानराचा होता. त्याने ऐटीत हात जोडले. “आदरणीय अध्यक्ष, सन्माननीय प्रमुख पाहुणे आणि माझ्या बालमित्रांनो, मी आपणांसमोर धोक्याची हाक सादर करत आहे,” तो म्हणाला, आणि मग त्याने अशी काही ‘खॉक, खॉक, खॉऽऽक’ केली की डोंगरातून तिचा घुमारा परत आला. शेकडो खुरं जमिनीवर आपटली. धूळ उडाली.

त्या धुळीपलीकडे गवत हललं.

पोरीने पाहिलं. वारा तर मंचाकडून गवताकडे वाहत होता, मग हे गवत उलटं कसं वाकलं? तिचे कान टवकारले. पण लगेच तिला वाटलं, आपलं नेहमीचंच. आपल्याला सावलीसुद्धा बिबट्यासारखी दिसते. परवाच नाही का आपण ओंडक्याला घाबरून किंचाळलो, आणि सगळा वर्ग हसला? तिने डोळे घट्ट मिटले आणि पुन्हा उघडले. टाळ्या थांबल्या होत्या. गवतही थांबलं होतं.

“यानंतर क्रमांक सात,” मोर गुरुजींनी पुकारलं.

ती मंचावर आली. नमस्कार करायला मान खाली घातली आणि वर केली, तेव्हा गवतात दोन पिवळे डोळे होते. त्यांच्याखाली मिशा होत्या. छकुलीच्या पाठीपासून जेमतेम दहा पावलांवर.

“भॉक्!”

हाक तिने दिली नाही, ती तिच्या आतून निसटली. फाटकी, खरखरीत, कापरी. महिनाभर ओढ्यावर न फुटलेला आवाज आता फुटला होता. आणि दुसऱ्याच क्षणी टाळ्यांचा कडकडाट झाला.

“वा! किती खरं वाटतं!” परीक्षक साळुंकी म्हणाली, आणि तिने अभिनयाला दहापैकी दहा गुण टाकले.

त्या कडकडाटात बिबट्या पुढे सरकला. त्याच्या पावलांचा आवाज कोणालाच ऐकू गेला नाही. टाळ्या थांबल्या की तोही थांबे. ती पुन्हा ओरडली, पुन्हा टाळ्या पडल्या, आणि तो आणखी पुढे आला. आपल्या प्रत्येक हाकेसरशी बिबट्या छकुलीजवळ येतोय हे तिला कळलं, तशी तिने हाक थांबवली.

“अभिनय नाही हो हा! बिबट्या आहे! मागे बघा, बिबट्या!” ती रडत ओरडली.

“क्रमांक सात, संवाद चालणार नाहीत,” गुरुजी मंचाकडे येत म्हणाले. “फक्त हाक. गुण कापावे लागतील.”

श्रोत्यांत हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या देत होती छकुली. तिला बसवेना. ती उठून उभी राहिली आणि शेजारच्या सशाला म्हणाली, “ती बघ, ती माझी ताई आहे!”

उभी राहिल्याबरोबर ती गवतातून स्वच्छ दिसू लागली. बिबट्याने पोट जमिनीला टेकवलं.

इकडे वानर झाडावर चढून बसला होता. वरून त्यालाही ते ठिपके दिसले. त्याचे डोळे विस्फारले, तोंड उघडलं, आणि त्यातून शब्द बाहेर पडले, “आदरणीय अध्यक्ष, सन्माननीय प्रमुख पाहुणे...” बिचाऱ्याला त्याशिवाय हाक सुरूच करता येत नव्हती. तीन वर्षांची सवय ती.

मुलांनो, भेकराच्या पोरीच्या डाव्या हाताला मोकळी पायवाट होती. तिचं सगळं अंग म्हणत होतं, पळ, या वाटेने पळ. अशा वेळी पळून जाण्यासाठीच तर देवाने भेकराला पाय दिलेत. आणि ती पळालीच, पण समोर. मंचावरून उडी टाकून, रांगोळी तुडवत, पाहुण्यांच्या मधून ती सरळ त्या पिवळ्या डोळ्यांच्या दिशेने धावत सुटली.

“अगं, मंच सोडू नकोस! आभार राहिलेत!” म्हणत गुरुजी पिसारा फरफटवत तिच्या मागे.

तिने डोकं खाली घातलं आणि छकुलीला कपाळाने अशी धडक दिली की ती कोलांटी खाऊन पलीकडे पडली. त्याच क्षणी बिबट्या झेपावला. छकुली जिथे उभी होती तिथे त्याचा पंजा पडला, आणि एक नख छकुलीच्या मागच्या पायावरून फिरलं. तिची किंकाळी मात्र कोणालाच अभिनय वाटली नाही. सशांची पोरं उधळली. त्यांच्या मागे चितळं, मग रानडुकरं, मग पाहुणे. सूचना क्रमांक चार धुळीत मिळाली. बिबट्याने वळून पुन्हा झडप घातली ती नेमकी धावत आलेल्या गुरुजींवर. गुरुजी जीव घेऊन उडाले, पण पिसारा तिथेच राहिला. बिबट्या तोंडातली पिसं थुंकेपर्यंत मैदान रिकामं झालं होतं. तो चरफडत गवतात निघून गेला.

ओढ्यापलीकडे सगळे धापा टाकत जमले. मोठ्या बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक नाव आणि एकेक ‘हजर’. बालवर्ग आला. ससे हजर, साळिंदराचं पिल्लू हजर.

“छकुली,” बाई म्हणाल्या.

सगळे इकडेतिकडे पाहू लागले.

“छकुली!”

भेकराच्या पोरीला वाटलं होतं, ती आपल्या मागेच आहे. तिने वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. आपण धडक मारली ती चुकीच्या बाजूला तर नाही ना? ती पडली तेव्हा उठली होती का? काहीच आठवेना. ओढ्याच्या पाण्याचा आवाजसुद्धा तिला सहन होईना. मोठ्या बाईंना तिसऱ्यांदा नाव घ्यायचा धीर होईना.

“हजर, बाई,” निवडुंगाच्या आडून बारीक आवाज आला. छकुली रक्ताळलेला पाय ओढत येत होती. ताई तिच्यापर्यंत गेली आणि तिच्या अंगाला अंग लावून नुसती उभी राहिली. आता तरी रडू यावं, पण तेही येईना.

मोर गुरुजी बोडक्या शेपटीने एका दगडाआड बसले होते. ते खालमानेने म्हणाले, “बाई, पोरगी खरं सांगत होती. मी तिचे गुण कापत होतो.”

“आणि त्या सूचनेवर सही माझी आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पोरांना वाचवायला स्पर्धा काढली, आणि आपण त्यांना बिबट्यासमोर बसून राहायला शिकवलं.” संध्याकाळी त्या स्वतः गेल्या आणि पळसाचं ते पान झाडावरून काढून चावून खाऊन टाकलं.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा संमेलन भरलं. कबड्डी झाली, घरट्यांचं प्रदर्शन झालं, अहवालही नेहमीसारखाच लांबला. ‘धोक्याची हाक’ही होती, पण आता गुण हाक देणाऱ्याला नव्हते, ऐकणाऱ्यांना होते. कोणता वर्ग किती लवकर मैदान सोडून ओढ्यापलीकडे पोचतो ते वानर झाडावरून मोजणार होता. हाक कोणी द्यायची, हे विचारायची गरजच पडली नाही.

भेकराची पोर मंचावर आली. गुडघे अजूनही आपटत होते. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही. तिने गवताकडे एकदा पाहिलं, गेल्या वर्षीचे ते डोळे तिला आठवले, आणि तोच फाटका आवाज बाहेर पडला. “भॉक्!”

एकही टाळी वाजली नाही. धुळीचा लोट उठला आणि खाली बसला, तेव्हा समोर एकही जण उरला नव्हता. परीक्षकसुद्धा पळाले होते, आणि मोठ्या बाई तर गुडघेदुखी विसरून कधीच्या पसार झाल्या होत्या. पोर रिकाम्या मैदानाकडे बघत राहिली आणि तिला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून बरं वाटलं. कारण ओढ्याच्या वाटेवर बालवर्गाची रांग पळत होती, आणि लंगडत का होईना, छकुली सगळ्यांच्या पुढे होती.

तात्पर्य : जी विद्या जीव वाचवण्यासाठी शिकायची, ती केवळ कौतुकासाठी सादर करू लागलो, तर खऱ्या संकटात मदतीऐवजी टाळ्याच मिळतात.